आमची द्राक्षं आणि तांबड्या समुद्रातलं युद्ध : तुम्ही बातमी कशी ठेवता?

बांधावरून | ११ फेब्रुवारी २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

निफाड तालुक्यात माझी साडेतीन एकर थॉम्पसन द्राक्षाची बाग आहे, शिवाय एकरभर कांदा. नोव्हेंबरअखेरच्या गारपिटीत आमच्याकडच्या कितीतरी बागा झोडपून निघाल्या, माझी वाचली. त्यानंतर डाऊनी रोगाच्या फवारण्या, विरळणी, मणी फुगवणाऱ्या जीएची बुडवणी, सगळं वेळेवर झालं. रेसिड्यूचा, म्हणजे फळावर उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट स्वच्छ आला. परवा निर्यातदाराचा माणूस बागेत आला. मणी मोजला, अठरा एमएम भरला. गोडी सतराच्या पुढे. घड हातात धरून देठ पाहिला, हिरवागार. मग म्हणाला, "भाऊ, बोललेल्या भावात किलोमागे पंधरा रुपये कमी करावे लागतील. जहाज लांबून जातंय."

माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. बांधावर बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठून लांबून?"

"आफ्रिकेला वळसा घालून, बाबा."

घरी आल्यावर वडिलांनी नातीकडून नकाशाचं पुस्तक मागून घेतलं, चष्मा लावला आणि न्हावाशेवापासून बोट फिरवत निघाले. एडन, मग ती चिंचोळी वाट, तांबडा समुद्र, सुएझ, भूमध्य समुद्र, रॉटरडॅम. मग पुन्हा न्हावाशेवाला आले आणि खाली निघाले. मादागास्कर, केप ऑफ गुड होप, आणि तिथून अख्खी आफ्रिका वर चढायची. एका पानावर ती वाट मावली नाही. दोनदा पान उलटलं. पुस्तक मिटून म्हणाले, "तेवढ्या दिवसात देठ काळा पडेल रे."

ज्यांनी हे रोज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ७ ऑक्टोबरला हमासने इस्रायलवर हल्ला केला, सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझात जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. येमेनमधल्या हूती बंडखोरांनी जाहीर केलं की गाझावरचे हल्ले थांबेपर्यंत इस्रायलशी संबंध असलेली जहाजं जाऊ देणार नाही. १९ नोव्हेंबरला त्यांनी हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवून 'गॅलेक्सी लीडर' हे मोटारी वाहणारं जहाज पळवून नेलं. डिसेंबरच्या मध्याला मोठ्या कंटेनर कंपन्यांनी एकामागून एक ती वाट सोडली. १२ जानेवारीपासून अमेरिका आणि ब्रिटन येमेनवर बॉम्ब टाकतायत. आमचा माल वीस-बावीस दिवसांत पोचायचा, त्याला आता पस्तीस-चाळीस दिवस धरून चालायचं.

डिसेंबरपासून मी एक वही घातली आहे. रोज जेवणं झाली की लिहितो : तारीख, जहाज, कुठे, काय झालं, माणसं वाचली का. गावातले मित्र म्हणतात, तुला काय करायचंय, तू काय ते युद्ध थांबवणार? थांबवणार नाही. पण जे माझ्या बागेत येऊन किलोमागे पंधरा रुपये घेऊन गेलं ते काय आहे, कुणाचं आहे, किती दिवस राहणार, हे मला नीट कळलं पाहिजे. गावाच्या ग्रुपवर येणाऱ्या व्हिडिओंवर माझा विश्वास राहिलेला नाही. ऑक्टोबरात तर व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून फिरली.

तुमच्यापैकी कुणी जहाजावर आहे, कुणी तिकडच्या देशात आहे, कुणी व्यापारात आहे. तुम्ही बातमी कुठून घेता, खरं-खोटं कसं पारखता? आणि तुमच्यापर्यंत हे युद्ध कशाच्या रूपाने आलं?

---

दर्यावर्दी | ११ फेब्रुवारी, रात्री ११:१५

बांधावरून दादा, फार बरं झालं धागा काढलात. मी सतरा वर्षं कंटेनर जहाजांवर आहे. सध्या रजेवर, अलिबागला. महिनाअखेर पुन्हा चढायचंय.

तुमच्या वडिलांना सांगा, त्या चिंचोळ्या वाटेचं नाव बाब-अल-मंदेब. अरबीत अर्थ 'अश्रूंचं दार'. एका बाजूला येमेन, दुसऱ्या बाजूला जिबूती आणि इरिट्रिया. जेमतेम तीसेक किलोमीटर रुंदी, त्यातही मध्ये पेरिम नावाचं बेट. म्हणजे जहाजाला किनाऱ्यापासून लांब राहायला जागाच नाही. जहाजाच्या ब्रिजवर उभं राहिलं की डोंगर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तिथे रेडिओवर कुणीतरी 'येमेनी नौदल' म्हणून बोलतं, मार्ग बदला म्हणतं. आता तो आवाज खराच त्यांचा की कुणी भलताच, हे ठरवायला कप्तानाला दोन मिनिटं मिळतात.

बातमीचं म्हणाल तर युकेएमटीओ म्हणून ब्रिटिश नौदलाचं केंद्र आहे, ते घटना घडल्यावर लगेच इशारा काढतात. त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. त्यात मत नसतं. अमुक बंदरापासून इतके सागरी मैल, जवळ स्फोट, खलाशी सुखरूप, तपास चालू. एवढंच. तुमच्या वहीसाठी त्याहून चांगलं काही नाही. टीव्हीवर तेच तीन तासांनी येतं, आणि येताना बरंच काही चिकटवून येतं.

भाव का पडला त्याचं एक कारण विम्यात आहे. युद्धाच्या धोक्याचा विमा जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत मोजतात. हल्ल्यांपूर्वी तो ०.१ टक्क्याच्याही आत होता, जानेवारीत ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला. दहा कोटी डॉलरचं जहाज धरा. एका फेरीला सात ते दहा लाख डॉलर नुसता विमा. त्यापेक्षा आफ्रिकेला वळसा घालून जास्तीचं तेल जाळलेलं परवडतं. पण मग तेच जहाज वर्षात कमी फेऱ्या करतं, रिकामे रीफर, म्हणजे थंड कंटेनर, वेळेवर परत येत नाहीत, आणि ऐन हंगामात नाशिकला कंटेनर मिळत नाही.

माल जहाजावर नीट राहतो का, याची काळजी असेल तर सांगतो. रीफरचं तापमान रोज दोनदा बघतात. प्लग सैल झाला, कॉम्प्रेसर बंद पडला तर रात्री दोनला माणूस उठून जातो. केपच्या खाली समुद्र चांगला नाही, लाटा मोठ्या, पण तुमची द्राक्षं पोचवायला आम्ही जीव लावतो, एवढं वडिलांना नक्की सांगा.

---

शनिवारातला | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

लेख आवडला, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो. द्राक्षाचं दुःख मान्य. मात्र त्याच वहीत आपल्या सरकारचे निर्णय लिहिता का? ऑक्टोबरअखेर पुण्यात कांदा साठ-सत्तर रुपये किलो होता. माझ्याकडे येणाऱ्या मावशी पाव किलो घेऊन जायच्या. ८ डिसेंबरपासून केंद्राने निर्यातबंदी केली तेव्हा शहरातल्या गरिबाला दिलासा मिळाला. शेतकऱ्यांनी त्यावरही आंदोलन केलं. मग आम्ही कुणाच्या बाजूने उभं राहायचं?

---

बांधावरून | १२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

शनिवारातले दादा, लिहितो ना. त्याच वहीत, उजव्या पानावर. डाव्या पानावर युद्ध, उजव्यावर अधिसूचना.

ऑगस्टात कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. ७ डिसेंबरला रात्री बंदीची अधिसूचना निघाली, ३१ मार्चपर्यंत. दुसऱ्या दिवशी लासलगावला लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्ग अडला. पंधरवड्यात बाजारसमितीतला भाव निम्म्यावर आला. लाल कांदा साठवता येत नाही, काढला की विकावाच लागतो. ज्याचा कांदा त्या आठवड्यात निघाला त्याचं वर्ष गेलं.

तुमच्याकडच्या मावशींचं मला कळतं. माझी सख्खी बहीण नाशिकला कारखान्यात कामाला आहे, तीही पाव किलोच घेत होती. तिच्या ताटात कांदा स्वस्त पडावा असं मलाही वाटतं. पण ती स्वस्ताई एकट्या कांदेवाल्याच्या खिशातून का काढायची? सरकारने आमच्याकडून बाजारभावाने घेऊन तिला कमी भावात द्यावा, फरक तिजोरीतून भरावा. बाकी सगळ्या गोष्टींना अनुदान चालतं.

आणि फरक सांगतो. युद्धामुळे भाव पडला तेव्हा मला निदान महिनाभर आधी अंदाज होता. जहाजं वळायला लागली तेव्हाच कळलं होतं की हे बागेपर्यंत येणार. बंदीचं मात्र रात्री कळलं, तोवर दोन ट्रॉल्या भरून उभ्या होत्या. दुसऱ्याच्या देशातल्या युद्धाचा अंदाज येतो आणि आपल्याच देशाच्या निर्णयाचा येत नाही, हे मला फार लागलं. राग म्हणून लिहीत नाही. आधी सांगा, तारीख द्या, आम्ही लागवड त्याप्रमाणे करू, एवढंच मागणं आहे.

---

गुहागरची सून | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण आज लिहिते.

माझे मिस्टर टँकरवर सेकंड इंजिनियर आहेत. जानेवारीत त्यांचं जहाज त्याच बाजूला होतं. माझ्या मोबाइलवर जहाजांचं अॅप आहे, त्यात त्यांचं जहाज म्हणजे एक लाल बाण. सकाळी उठले की चहाच्या आधी तो बाण बघायचा, मुलाला शाळेत सोडून आले की बघायचा, रात्री सासूबाईंना दाखवायचा. त्यांना वाचता येत नाही, पण बाण कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते बरोबर कळतं. "आज पुढं सरकलाय," म्हणतात.

एका संध्याकाळी बाण गेला. शेवटची खूण एडनच्या आखातात, पुढे काही नाही. नंतर कळलं की अशा पट्ट्यात कधीकधी जहाज आपली खूण मुद्दाम बंद ठेवतं, म्हणजे ज्याला नेम धरायचाय त्याला दिसू नये. पण ज्याला काळजी आहे त्यालाही दिसत नाही ना. अकरा तास. सासूबाईंनी देवापुढची समई विझू दिली नाही. मी बातम्या लावल्या नाहीत, मुलगा जागा होता. पहाटे पावणेपाचला बाण उमटला, बराच वर, तांबड्या समुद्रात. मी सासूबाईंना उठवायला गेले तर त्या जाग्याच होत्या.

त्यानंतर आठवड्याभराने, २६ जानेवारीला, 'मार्लिन लुआंडा'ला क्षेपणास्त्र लागलं. त्या जहाजावर २२ भारतीय होते आणि एक बांगलादेशी. सकाळी इथे शाळेत झेंडावंदन झालं होतं. आपल्या नौदलाची 'आयएनएस विशाखापट्टणम' तिथे गेली, आग विझवायला तिची माणसं त्या जहाजावर चढली. सगळे वाचले. त्या बायकांच्या फोनवरही असाच बाण असेल.

बांधावरून दादा, तुमच्या वहीत "माणसं वाचली का" हा रकाना आहे, हे वाचून मी लिहायला बसले.

---

डॉकवाले काका | १३ फेब्रुवारी, सायं. ६:५०

सूनबाई, तुझे मिस्टर सुखरूप राहोत.

मी १९७१ साली मुंबईच्या डॉकमध्ये लागलो, वय वीस. तेव्हा सुएझ बंदच होता. १९६७च्या जूनमध्ये इस्रायल आणि अरबांचं युद्ध झालं आणि कालवा बंद पडला, तो उघडला थेट १९७५च्या जूनमध्ये. आठ वर्षं! चौदा जहाजं मधल्या ग्रेट बिटर लेकमध्ये अडकून पडली होती, वाळवंटातली वाळू बसून पिवळी झाली होती. युरोपातून येणारं प्रत्येक जहाज केपवरून यायचं. आमचे मुकादम गोदीतल्या पाटीवर जहाजाची तारीख लिहायचे ती खडूने, कारण ती तीन-चारदा बदलायची.

तेव्हा बातमी म्हणजे सकाळचा पेपर आणि संध्याकाळी कॅन्टीनमधला रेडिओ. पन्नास माणसं उभी राहून ऐकायची. कालवा उघडला त्या दिवशी पेढे वाटल्याचं आठवतं. आम्हाला त्यात काय मिळणार होतं? काही नाही, पण जहाजं वेळेवर येणार एवढं कळत होतं, आणि जहाजं आली की काम.

तरुण मंडळींना एवढंच सांगतो की दोन महिन्यांत मिटेल असं धरून हिशेब करू नका.

---

वाघनख | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:१२

एवढी चर्चा कशाला? हूती म्हणजे दहशतवादी. येमेन बेचिराख केलं की वाट मोकळी. तुमचा कंटेनर बावीस दिवसांत पोचेल.

---

नदीकाठ | १४ फेब्रुवारी, दुपारी १:४०

वाघनख, व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रं सोडणं हा गुन्हाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण 'बेचिराख' हा शब्द लिहिण्याआधी येमेनकडे एकदा बघा. हूतींनी २०१४च्या सप्टेंबरात राजधानी साना घेतली. २०१५च्या मार्चपासून सौदी अरेबिया आणि त्याच्या साथीदारांनी तिथे वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे की २०२१ संपेपर्यंत त्या युद्धात ३ लाख ७७ हजार माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त बॉम्बने नाही, तर भुकेने आणि साध्या आजारांनी. बहुतेक लहान मुलं. बेचिराख करून झालंय ते. त्यानंतरही हूती तिथेच आहेत, पहिल्यापेक्षा बळकट.

भारताचं धोरण बघायचं तर २७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझावरच्या ठरावाला आपण तटस्थ राहिलो आणि १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. सहा आठवड्यांत इतका बदल. तो का झाला यावर टीव्हीवर एकही धड चर्चा मी पाहिली नाही. आपण मत देऊन सरकार निवडतो, त्या सरकारने आपल्या नावाने जगात काय मत दिलं हे आपल्याला माहीत असायला नको?

---

अश्दोदची आजी | १६ फेब्रुवारी, पहाटे ५:१०

शालोम आणि नमस्कार. नात टाइप करते आहे, मी सांगते आहे.

आम्ही बेने इस्रायल. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले असं आमच्यात सांगतात. मी १९६८मध्ये लग्न करून इथे आले, तरी घरात भांडण मराठीतच होतं. दर्यावर्दी अलिबागचे म्हटल्यावर राहवलं नाही.

माझ्या घरापासून गाझा फार लांब नाही. अश्दोदला भोंगा वाजला की ४५ सेकंद मिळतात. माझे गुडघे दुखतात, म्हणून ७ ऑक्टोबरनंतर मी भक्कम भिंतींच्या खोलीतच गादी टाकली. नातू राखीव सैनिक, त्याला बोलावणं आलं, तो गेला. जानेवारीत आठ दिवस घरी आला तेव्हा पुरणपोळी केली. त्याने दीड खाल्ली. आधी पाच खायचा.

तुमच्या द्राक्षांचं वाचलं. आमचं आयलात बंदर तांबड्या समुद्रावर आहे, तिथे चीन-जपानकडून मोटारी उतरायच्या. आता जहाज येत नाही, तिथल्या कामगारांचं काम गेलं.

कुणाला आवडो न आवडो, मी सांगते. ओलीस परत आले पाहिजेत, माझ्या ओळखीच्या बाईचा भाचा त्यांच्यात आहे. आणि पलीकडे गाझात ज्या आया मुलांना घेऊन तंबूत बसल्यात त्यांच्याकडे ४५ सेकंदही नाहीत आणि भक्कम भिंतीची खोलीही नाही. मी त्या खोलीत पडल्यापडल्या हाच विचार करते. नातीला हे लिहायचं नव्हतं, मी लिही म्हटलं.

---

गुहागरची सून | १६ फेब्रुवारी, सकाळी ९:००

आजी, नातू सुखरूप येऊ दे. दीड पोळी खाल्ली ते वाचून पोटात कालवलं.

---

दर्यावर्दी | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

आजी, नवगाव माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. तिथलं तुमच्या लोकांचं जुनं दफनस्थान आणि स्मारक आहे, बघितलंय मी. पुढच्या खेपेला जाऊन फोटो काढून इथे लावतो.

---

बांधावरून | १७ फेब्रुवारी, रात्री ११:०५

काल माल गेला. सकाळी सहाला बायका बागेत आल्या, उन्हाच्या आत घड उतरवायचे म्हणून. एकेक घड कात्रीने काढून, तुटका-नासका मणी बाजूला करून क्रेटमध्ये कागदावर ठेवायचा. पॅकहाऊसला अर्धा-अर्धा किलोच्या डब्या भरल्या, वर बुरशी रोखणारा सल्फरचा पॅड. यंदा लांबचा पल्ला म्हणून पॅडकडे जास्त लक्ष दिलंय. मग प्रीकूलिंग, मग रीफरमध्ये शून्य ते अर्धा अंश. एका चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण तेरा टन माल बसतो. वडील पॅकहाऊसपर्यंत आले होते. कंटेनरला सील लागलं तसं त्यांनी दारावर हात ठेवला.

वहीत लिहिलं : १६ फेब्रुवारी, आपला माल निघाला.

भावाचं व्हायचं ते झालं. आजींचं पोस्ट वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांच्याकडे द्राक्ष होतात का विचार."

---

अश्दोदची आजी | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

होतात! दक्षिणेला लाखीश भागात मांडवच्या मांडव आहेत. ठिबक तर आमच्या इथलीच, तुमच्या बागेत असेल. वडिलांना माझा नमस्कार.

---

पोल्डरमधून | २० फेब्रुवारी, रात्री २:१० (इकडचे ९:४०)

मी रॉटरडॅमजवळ राहते, मूळची सांगलीची. नवरा बारेंड्रेख्टला फळांच्या गोदामात कामाला आहे, युरोपात जाणारी बरीच फळं इथूनच पुढे जातात. त्याने सांगितलेलं लिहिते.

तुमच्या अडचणीतली खरी गोम दक्षिण आफ्रिकेत आहे. त्यांची द्राक्षं केपटाऊनवरून निघतात आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने सरळ वर येतात. तांबड्या समुद्राशी त्यांचा संबंधच नाही. त्यांचे दिवस तेवढेच राहिले, तुमचे वाढले. दरवर्षी त्यांचा हंगाम उतरायला लागला की भारताचा माल येऊन ती जागा घेतो. यंदा तुमचा पहिला माल उशिरा आला, तोवर दुकानदारांनी फळ्या त्यांच्याच मालाने भरल्या. आता उशिरा निघालेले कंटेनर एकदम एकाच आठवड्यात उतरले की भाव पडायची भीती. हे ऐकून वाईट वाटतं, पण तुम्हाला ठाऊक असावं.

इथल्या लोकांना यातलं काही माहीत नाही. माझ्या डच शेजारणीला मी सांगितलं की या डबीतली द्राक्षं माझ्या राज्यातली आहेत आणि ती अख्ख्या आफ्रिकेला फेरी मारून आलीत. तिने डबी उचलून पुन्हा नीट पाहिली.

---

बांधावरून | ४ मार्च, रात्री १०:००

आजची नोंद. १८ फेब्रुवारीला क्षेपणास्त्र लागलेलं 'रुबीमार' जहाज परवा, २ मार्चला, तांबड्या समुद्रात बुडालं. खलाशी आधीच उतरले होते. हे सगळं सुरू झाल्यापासून पूर्ण बुडालेलं हे पहिलं जहाज.

त्यात काय होतं वाचलं आणि सुन्न झालो. सुमारे २१ हजार टन अमोनियम फॉस्फेट सल्फेट. म्हणजे आपलं २०-२०-०-१३ खत. आमच्या कांद्याला, मक्याला हेच लागतं. पन्नास किलोची गोणी धरली तर चार लाख वीस हजार गोण्या. एका गोणीसाठी खरिपात दुकानासमोर रांगेत उभं राहिलेला माणूस मी आहे. ते खत आता समुद्राच्या तळाशी, तिथल्या माशांवर आणि प्रवाळावर. येमेनचे किनाऱ्यावरचे लोक मासेमारीवर जगतात. त्यांच्या ताटातलंच गेलं ते.

---

वाघनख | ५ मार्च, सकाळी ९:३०

नदीकाठ, तुम्ही दिलेला आकडा मी तपासला. बरोबर आहे. मला माहीत नव्हतं. माझा शब्द मागे घेतो.

---

गुहागरची सून | ८ मार्च, सकाळी ११:२०

परवा 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावरच्या हल्ल्यात तिघे गेले. दोन फिलिपिनो, एक व्हिएतनामी. या सगळ्यात खलाशी मरण्याची ही पहिली वेळ. आपल्या 'आयएनएस कोलकाता'ने २१ जणांना बाहेर काढलं, त्यात एक भारतीय.

मिस्टरांशी बोलणं झालं. युद्धक्षेत्र जाहीर झालेल्या पट्ट्यात जायला त्यांना करारानुसार नकार देता येतो, गेलं तर तेवढ्या दिवसांचे पैसे जास्त मिळतात. घराचे हप्ते आहेत. आम्ही दोघांनी फोनवर वीस मिनिटं हिशेब केला आणि मग मी म्हटलं, नको. सासूबाई म्हणाल्या, "घर काय, पुढच्या साली होईल." कंपनीने तसंही जहाज केपवरून वळवलं. आता बाण रोज दिसतो.

आज महिलादिनाचे फुलं-फुलं मेसेज येतायत. त्या फिलिपिनो बायकांना कुणी काय पाठवलं असेल?

---

शनिवारातला | २३ मार्च, सायं. ७:१५

बांधावरून, काल कांदा निर्यातबंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. ३१ मार्चला उठेल असं सगळे धरून होते. निवडणूक जाहीर होऊन जेमतेम आठवडा झालाय, तुमच्याकडे २० मेला मतदान. उन्हाळ कांदा काढणीला आला असेल ना? मागच्या वेळी मी जे लिहिलं ते मला आता पुरेसं वाटत नाही. मावशींना विचारलं, कांदा स्वस्त झाल्याने महिन्याला किती वाचतात. त्या म्हणाल्या, पन्नास-साठ. तुमचं किती गेलं?

---

बांधावरून | २४ मार्च, रात्री ९:५०

एका एकराचा हिशेब सांगतो. बी, रोपं, लागवड, खत, फवारणी, काढणी, वाहतूक धरून खर्च साधारण सत्तर हजार. आजच्या भावाने तेवढेच निघतील. वरचे जे निघायला हवे होते त्यात मुलीची अकरावी होती.

उन्हाळ कांदा कांदाचाळीत साठवायला टाकतोय. चार-पाच महिने टिकेल. मतदान कुणाला ते इथे लिहिणार नाही, पण या वेळी आमच्याकडे सभेला येणाऱ्या प्रत्येकाला लोक एकच विचारतात, तारीख सांगा.

---

पोल्डरमधून | २८ मार्च, रात्री १:३०

दादा, तुमचं जहाज या आठवड्यात लागलं असणार. तुमचाच माल असं म्हणता येणार नाही, पण नवऱ्याने काल उघडलेल्या खोक्यांवर नाशिक लिहिलेलं होतं. त्याने एक डबी घरी आणली. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून घड सोडवला, तुमच्या वडिलांसाठी म्हणून नीट बघून लिहिते.

देठ टोकाकडे तपकिरी, मधला दांडा हिरवट. घड उचलून हलवला तर चार मणी गळाले. बाकी मणी घट्ट. एकही कुजलेला नाही, बुरशी नाही. साल कडक, चावलं की कट्कन वाजतं. गोडी उत्तम. माझ्या मुलीने एका बैठकीत अर्धी डबी संपवली.

---

बांधावरून | २८ मार्च, सकाळी ६:१५

ताई, वडिलांना आत्ता वाचून दाखवलं. चार मणी म्हणजे डबीत किती मणी होते, असं विचारतायत. मोजता आले तर कळवा.

उद्यापासून बागेची खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतरची छाटणी, सुरू करतोय.

---

पोल्डरमधून | २८ मार्च, दुपारी १२:४०

साधारण ऐंशी. मुलीने खाल्लेले अंदाजाने धरलेत.

---

बांधावरून | २८ मार्च, दुपारी १:०५

वडिलांनी वहीत स्वतः लिहिलं : ऐंशीला चार.